सोसायटीत पाणी पुरत नाही. पण नेमका प्रश्न कोणता?

मोकळीहवा | ८ मार्च, रात्री ९:४०

पुण्याच्या पश्चिमेकडे आमची सोसायटी आहे, चार विंग, ८४ फ्लॅट. फेब्रुवारीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एकच ओरड चालू आहे, पाणी पुरत नाही. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि त्यात तीन ठराव येणार आहेत: नवीन बोअर, टँकरवाल्याशी वर्षभराचा करार, आणि जमिनीखालची टाकी मोठी करणे. तिन्हींची कोटेशनं येऊन पडलीत आणि तिन्हींचे समर्थक एकमेकांशी बोलेनासे झालेत.

मी कमिटीत आहे. मला खटकतं ते असं की कमी पडतं म्हणजे किती, कोणत्या विंगला, कुठल्या वेळी, रोज की काही ठरावीक दिवशी, हे कोणालाच सांगता येत नाही. मीटिंगमध्ये विचारलं तर "आमच्या घरी येऊन नळ उघडून बघा" असं उत्तर मिळालं.

माझं मत स्पष्ट आहे. प्रश्न कागदावर नीट उतरत नाही तोवर एकही ठराव मतदानाला टाकू नये. लाखांमध्ये खर्च आहे आणि तो सगळ्यांच्या खिशातून जाणार आहे. तुमच्या सोसायटीत, नोकरीत, घरी असं काही झालंय का? आणि चिडलेल्या लोकांना न दुखावता एक पाऊल मागे यायला कसं लावायचं?

भुईकोट | ८ मार्च, रात्री १०:१५

एकदम योग्य धागा. माझं निम्मं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोक प्रश्न म्हणून जे सांगतात त्यात बहुतेक वेळा उपाय लपलेला असतो. "आपल्याकडे बोअर नाही" हे ऐकायला प्रश्नासारखं वाटतं, पण ते न केलेल्या उपायाचं नाव आहे. एकदा तसं म्हटलं की पुढची सगळी चर्चा बोअर कुठे, किती फूट, कोणाकडून, एवढ्यातच फिरते. पुण्याखाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी सापडतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. खोल गेलं म्हणजे पाणी लागेलच असं नाही, शेजारच्याला लागलं म्हणून तुम्हालाही लागेल असंही नाही. इतका बेभरवशाचा खर्च करण्याआधी मोजमाप झालंच पाहिजे.

पालिकेचं मीटर रोज एकाच वेळी वाचा. माणसं मोजा, फ्लॅट नव्हे. शहरी पुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष आहे, त्याच्याशी ताडून बघा. आणि रात्रीची चाचणी करा: एकच्या सुमारास सगळे पंप बंद, गच्चीवरच्या प्रत्येक टाकीची पातळी खडूने आखायची, चार वाजता परत बघायची. त्या वेळात कोणी आंघोळ करत नसतं. पातळी चांगली उतरली असेल तर पाणी कुठूनतरी जातंय.

टवाळपूरकर | ८ मार्च, रात्री १०:३१

रात्री एक वाजता गच्चीवर खडू घेऊन फिरताना वॉचमनने पकडलं, तर त्या प्रश्नाची व्याख्या आधीच तयार ठेवा!

गणितमास्तर | ९ मार्च, सकाळी ७:०५

शाळेत भूमितीचं प्रमेय लिहिताना आपण काय करायचो आठवा. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. दिलंय काय आणि दाखवायचंय काय, या दोन ओळी लिहिल्याशिवाय आमचे सर पुढचं तपासायचेच नाहीत. मीही आता तेच करतो. मुलं कुरकुरतात, कारण त्यांना थेट रचनेवर उडी मारायची असते.

शाब्दिक उदाहरणांत तर हे फारच दिसतं. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक गणित घातलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बोकड आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी आकडेमोड करून उत्तर दिलं. मी आमच्या पाचवीच्या वर्गात विचारलं, तेव्हाही कित्येक हात वर झाले आणि उत्तर आलं ३६. मुलं मठ्ठ नाहीत. गणित दिलं म्हणजे उत्तर काढायचंच, ही सवय आपण लावलीय. तीन कोटेशनं समोर ठेवून कोणतं निवडू असं विचारणारी सभा माझ्या मते त्याच वर्गात बसलीय.

रानपाखरू | ९ मार्च, सकाळी ९:२०

आइन्स्टाईन म्हणाला होता ना, एक तास मिळाला तर पंचावन्न मिनिटं प्रश्न समजून घेण्यात घालवेन म्हणून.

अनुस्वार | ९ मार्च, सकाळी ९:४४

@रानपाखरू, ते वाक्य त्याच्या नावावर फिरतं, पण त्याच्या लिखाणात सापडत नाही. विमानाचं उदाहरण जास्त भक्कम आहे. १९०३ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्लेकडे सरकारी पैसा होता आणि ५२ अश्वशक्तीचं इंजिन होतं. सारा भर यंत्राला पुरेशी ताकद देण्यावर. ते विमान ऑक्टोबरमध्ये आणि परत ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत कोसळलं. त्यानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, राईट बंधू जेमतेम १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर उडाले.

त्या दोघांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की हवेत गेल्यावर तोल सांभाळणं आणि वळवणं हीच खरी अडचण आहे. त्यांच्या आधी ग्लायडर उडवणारा जर्मन संशोधक ऑटो लिलिएंथाल १८९६ मध्ये ग्लायडरवरून पडून गेला, तो ताबा सुटल्यामुळेच. म्हणून १९०० पासून तीन वर्षं त्यांनी इंजिनाला हातही न लावता नुसते ग्लायडर उडवले.

वऱ्हाडी_ठेचा | ९ मार्च, दुपारी १:१०

राजेहो, सगळं वाचलं. आता थोडं वेगळं बोलतो, रागावू नका.

प्रश्न मांडत बसणं त्याला परवडतं ज्याच्या घरी बादली भरलेली आहे. आमच्याकडे मे महिन्यात विहीर आटते तेव्हा बाई म्हणते टँकर बोलवा. तिला आधी मोजमाप करू म्हटलं तर ती बादलीच फेकून मारेल, आणि बरोबर करेल. मोकळीहवा यांच्या सोसायटीतही वरच्या मजल्यावर कोणी म्हातारं माणूस असेल. त्याला आज पाणी पाहिजे. सभा महिन्याने.

पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्या भागात शेततळ्यांची योजना आली. नाव पाण्याचं, हेतू चांगला, पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. झालं काय, की कित्येकांनी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर टाकलं आणि बोअर, विहिरीतून उपसा करून ते भरलं. जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवलं, त्यातलं उडूनही जातं. ज्याचं तळं त्याची बाग जगली, शेजारच्याची विहीर लवकर आटली. पाणी साठवायला जागा नाही असं प्रश्नाचं रूप धरलं म्हणून जागा केली. गावात पाणी एकूण किती आणि उपसा किती, हे विचारलंच नाही. म्हणजे तुमचं म्हणणं मला पटतं, फक्त टँकर थांबवू नका.

भुईकोट | ९ मार्च, दुपारी २:००

@वऱ्हाडी_ठेचा, शंभर टक्के. तातडीचा टँकर आणि वर्षाचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज तहान भागवा. करारावर सही मात्र मोजल्यानंतर.

गावात एकूण पाणी किती हे विचारणारं गाव आपल्याकडे आहे. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या मोजायच्या, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअरवर आणि उसासारख्या पिकांवर गावानेच बंदी घातली. बंधारे, समतल चर हे सगळं त्यांनीही केलं, इतर गावांनीही केलं. पण खर्चाची बाजू सगळ्यांसमोर मांडणं फार कमी गावांनी केलं.

डॉक्टरीण | ९ मार्च, रात्री ८:५०

ओपीडीतून बोलते. दिवसातून निदान एक जण येतो आणि सांगतो, "चक्कर येते, गोळी द्या." आधीच्या तीन चिठ्ठ्या हातात असतात, तिन्हींवर तीच गोळी.

मी विचारते, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? खोली गरगर फिरते का? कूस बदलल्यावर काही सेकंदच होतं का? तसं असेल तर बहुधा अंतर्कर्णातले बारीक कण जागचे हललेत. डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून ते परत बसवता येतात, गोळीने बसत नाहीत. उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते का? मग झोपवून आणि उभं करून रक्तदाब मोजायचा. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर कारण बऱ्याचदा रक्तदाबाच्याच गोळ्यांच्या डोसमध्ये मिळतं. डोकं ठीक, पण चालताना तोल जातो? मग मधुमेह, ब-१२, पायातल्या नसा. आणखी काही जण भूक लागल्यावर घाम येऊन गळून जाण्याला चक्कर म्हणतात, तिथे साखर तपासायची.

पेशंट खोटं बोलत नाही. त्याला त्रास खरा आहे, पण एका शब्दात तो चार आजार सांगतोय. मोकळीहवा, तुमच्या ग्रुपवर पाणी पुरत नाही म्हणणारे सगळे जण एकच गोष्ट सांगताहेत का ते बघा. मला शंका आहे.

टवाळपूरकर | ९ मार्च, रात्री ९:०२

डॉक्टरीणबाई, आमच्या आत्याची चक्कर शेजारीण नवीन साडी नेसून आली की येते. ती कोणत्या प्रकारात?

डॉक्टरीण | ९ मार्च, रात्री ९:०६

@टवाळपूरकर, त्यावर औषध सराफ कट्ट्यावर मिळतं :)

सांजसकाळ | १० मार्च, सकाळी ११:३०

इथे एक गोष्ट अजून आलेली नाही. प्रश्न मांडतं कोण?

मी गावपातळीवर पाणी समित्यांसोबत काम करते. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. घरोघरी नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी असं उद्दिष्ट आहे आणि ते हवंच होतं, मी त्याच्या बाजूची आहे. पण समितीच्या बैठकीत बहुतेक पुरुष बोलतात आणि त्यांच्या तोंडी प्रश्न असतो टाकी, पाईप, पंप. बायकांना वेगळं बसवून विचारलं तर त्या वेळेबद्दल बोलतात. पाणी रात्री दोनला सुटतं, कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून एकीला जागं राहावं लागतं, दिवसा मजुरीला जाता येत नाही. तिच्यासाठी ५५ लिटर हा आकडा दुय्यम आहे. ठरलेल्या वेळी आलेलं थोडं कमी पाणीसुद्धा तिला चालेल. त्यासाठी नवीन पाईप लागत नाही, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाचं वेळापत्रक लागतं, आणि त्याचा पगार वेळेवर व्हावा लागतो.

तर सभेत फक्त फ्लॅटमालकांना विचारू नका. घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारा. कोणत्या घरात किती वाजता नळ कोरडा असतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल.

रानपाखरू | १० मार्च, दुपारी १२:१५

सांजसकाळ, फार महत्त्वाचं लिहिलंत. यावरून गडचिरोली आठवलं. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बालमृत्यू जास्त आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरचं नेहमीचं उत्तर असायचं दवाखाना. त्यांनी मूल कधी, कुठे आणि कशाने दगावतं हे गावोगाव नोंदवलं. पहिल्याच महिन्यात, घरी, दवाखान्यापर्यंत न पोचता जाणारी बाळं फार होती. प्रश्न इतका नेमका झाल्यावर उत्तर घरापर्यंत गेलं. गावातलीच बाई शिकवून तयार करायची, तिने बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरला होता. आज आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

कोथरूडकाका | १० मार्च, दुपारी ३:३३

मग पुण्याच्या वाहतुकीवर पण बोला! विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले आणि आता तिथेच दुमजली पूल. गाड्या लवकर पुढे काढायच्या एवढाच प्रश्न धरला की पूल हेच उत्तर येणार. माणसं वेळेवर पोचली पाहिजेत असा धरला असता तर बस आठवली असती.

गणितमास्तर | १० मार्च, दुपारी ४:१०

काका, मुद्दा रास्त, पण त्याला वेगळा धागा हवा. नाहीतर इथलं पाणी औंधपर्यंत तुंबेल.

बिनतारी | १० मार्च, रात्री ११:२०

मी सॉफ्टवेअरवाला, सध्या न्यू जर्सीत. आमच्याकडे "अ‍ॅप चालत नाही" एवढ्यावर कोणी काम सुरू करत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, ही तीन वाक्यं लागतात. बऱ्याचदा ती लिहितानाच पाठवणाऱ्याला कारण दिसतं.

पण एक सावधगिरी. पाच वेळा "का" विचारा म्हणजे मूळ कारण सापडतं असं प्रशिक्षणात शिकवतात. एकाच प्रश्नावर दोन गटांना बसवलं तर ते पाच पायऱ्यांनी दोन वेगळ्याच ठिकाणी पोचतात, कारण प्रत्येक पायरीवर आपल्याला आधीपासून पटलेलं कारण निवडलं जातं. आधी "का" नकोच. कोण, कुठे, कधी, किती हे मोजून झालं की मग "का".

वऱ्हाडी_ठेचा | ११ मार्च, सकाळी ८:००

हे बिनतारीभाऊंचं आवडलं. सोसायटीत "का" विचारलं की पहिलं उत्तर येतं, "कारण तळमजल्यावाले गाड्या धुतात."

मोकळीहवा | २३ मार्च, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. गेल्या आठवड्यात बरंच काम झालं, म्हणून सविस्तर कळवतो.

माणसं मोजली, साधारण ३०० निघाली. १३५ च्या हिशेबाने रोज ४०,५०० लिटर लागायला हवं. पालिकेचं मीटर एरवी ४६ ते ४८ हजारांच्या मध्ये दाखवतंय. म्हणजे आवक कमी नाही. हा आकडा ग्रुपवर टाकल्यावर पहिल्यांदाच थोडा वेळ शांतता झाली.

रात्रीची चाचणी भुईकोट यांनी सांगितली तशीच केली. तीन विंगच्या टाक्या एक-एक सेंटिमीटर उतरल्या. बी विंगची तीन तासांत ८ सेंटिमीटर उतरली. ती टाकी तीन मीटर बाय अडीच मीटर आहे, म्हणजे ६०० लिटर गेले. हाच वेग धरला तर दिवसाला ४,८०० लिटर. मग त्या विंगमधल्या प्रत्येक घरी फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश न करता ठेवलं. सहा घरांत रंग भांड्यात उतरला. आवाज नाही, थेंब दिसत नाही, त्यामुळे त्या घरांना पत्ताच नव्हता.

सांजसकाळ यांचं ऐकून मावशींशीही बोललो. त्यांनी सांगितलेलं सर्वांत उपयोगी ठरलं. डी विंगच्या वरच्या दोन मजल्यांवर रोज सकाळी सात ते नऊ धार बारीक असते, टाकी भरलेली असली तरी. प्लंबरने एक तुकडा कापून बघितला. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप आतून गंजून अर्धा बुजलाय. इतर तीन विंगमध्ये त्रास होतो तो शुक्रवारी. पालिका दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवते तेव्हा शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. आमच्या तळटाकीत ४० हजार लिटर मावतात, जेमतेम एका दिवसाचे.

म्हणजे डॉक्टरीण म्हणाल्या तसंच आहे. एकाच तक्रारीखाली तीन वेगळ्या गोष्टी होत्या. वऱ्हाडी_ठेचा, डी विंगच्या वरच्या मजल्यावरच्या आजींकडे रोज सकाळी वॉचमनदादा दोन बादल्या पोचवतात, ते पहिल्याच दिवशी सुरू केलं.

भुईकोट | २३ मार्च, रात्री १०:३०

उत्तम काम. बोअरने यातली गळतीही थांबली नसती आणि डी विंगची धारही वाढली नसती, हे सभेत जरूर सांगा. नवीन पाणी त्याच बुजलेल्या पाईपातून गेलं असतं.

कोथरूडकाका | २४ मार्च, सकाळी ९:१५

मी सहमत नाही. आज आवक पुरेशी आहे, उद्या पालिकेने कपात केली तर? बोअर म्हणजे विमा. तुम्ही प्रश्न फक्त आजचा मांडलात.

भुईकोट | २४ मार्च, सकाळी ९:५०

काका, आक्षेप योग्य आहे. मग तोही तसाच लिहावा लागेल: आवक किती टक्क्यांनी घटली तर किती दिवस तग धरायचाय? त्यावर बोअर, गच्चीचं पावसाचं पाणी, काटकसर हे सगळं तोलता येईल. १०० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ७०,००० लिटर. त्यातले ८० टक्के हाती लागले तरी ५६ हजार. मात्र ते पावसाळ्यात येतं आणि तुम्हाला हवंय मार्चमध्ये. म्हणून ते जमिनीत मुरवायचं की साठवायचं, हा हिशेब करावा लागेल. चौथा ठराव म्हणून मांडा, बाकीच्या तिघांत मिसळू नका.

मोकळीहवा | २४ मार्च, रात्री ८:२०

सभेच्या नोटिशीसाठी मसुदा केलाय, बघा:

"(१) बी विंगमध्ये वापराविना रोज अंदाजे ४,८०० लिटर पाणी जाते. (२) डी विंगच्या वरच्या दोन मजल्यांवर रोज सकाळी ७ ते ९ पुरेशा दाबाने पाणी मिळत नाही. (३) पालिकेच्या बंदच्या दुसऱ्या दिवशी पुरेल एवढी मोठी टाकी आपल्याकडे नाही."

सांजसकाळ | २४ मार्च, रात्री ८:४१

पहिले दोन चोख. तिसऱ्यात टाकी शिरलीय! "पालिकेच्या बंदनंतरच्या शुक्रवारी इतक्या घरांना इतके तास पाणी मिळत नाही" असं लिहा. गळती थांबवून, बुधवारी टाकी काठोकाठ भरून भागतंय का ते आधी बघता येईल. नाही भागलं तर टाकीचा ठराव आणा, तेव्हा तो कोणीही अडवणार नाही.

मोकळीहवा | २४ मार्च, रात्री ८:५५

खरंय, बदलतो. शुक्रवारची घरं आणि तास मोजायला या आठवड्यात प्रत्येक मजल्यावर एक वही ठेवतोय.

आता अजून एक अडचण. गळती सापडलेल्या सहा घरांपैकी चारांत भाडेकरू आहेत. दुरुस्ती मालकाने करायची की भाडेकरूने, यावरून टोलवाटोलवी सुरू आहे आणि पाणी वाहतंच आहे. वॉशर-व्हॉल्व्हचा खर्च किरकोळ आहे. सोसायटीने सरळ करून घेऊन मालकांच्या मेंटेनन्स बिलात लावला तर चालेल का? कोणाच्या सोसायटीने असं केलंय?

डॉक्टरीण | २४ मार्च, रात्री ९:३०

आमच्याकडे केलंय. आधी कमिटीत ठराव घेतला, मालकांना ईमेलने कळवलं आणि एकाच दिवशी प्लंबर सगळ्या घरांत फिरवला. दोघांनी बिलावर हरकत घेतली होती, नंतर भरलं. प्लंबरला येताना फ्लशचे दोन-तीन प्रकारचे व्हॉल्व्ह आणायला सांगा, प्रत्येक कंपनीचा वेगळा बसतो.